मच्छरदाणीची नक्षी

महानगर, लखनऊ
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय यमुनाताई,

सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे मजेत आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल. ऑक्टोबरात तू गेलीस, त्यानंतर दत्तूभाऊजींचं 'सुखरूप पोचली' एवढं पोस्टकार्ड आलं. तुझी मात्र एक ओळ नाही. राग आहे का, असं विचारणार होते. पण जिने केलं तिनेच हे विचारायचं?

आधी बातम्या सांगते. थंडी ओसरली. यांना प्रमोशन मिळालं, त्यामुळे आता घरी आल्यावरही साहेबासारखेच बोलतात. अवनीला मी मराठीत रागावते आणि ती "अच्छा बाबा, सॉरी" म्हणून हिंदीत सुटका करून घेते. "मावशी कब आएँगी?" हे मात्र रोज विचारते. मी तिला दूध प्यायला लावते.

आणि हो, मला बक्षीस मिळालं. निशातगंजच्या महिला संस्थेत मी चिकनच्या भरतकामासाठी कपड्यांवर छापायच्या नक्ष्या काढते, ते तुला माहीतच आहे. चार वर्षं तेच वेल, त्याच कोयऱ्या गिरवत होते. नोव्हेंबरात तापाने आठवडाभर अंथरुणात होते. एका दुपारी उताणी पडून वर बघत होते, तेव्हा मला मच्छरदाणी दिसली. आमचीच, पण तू सांधलेली. महिनाभर तिच्याखाली घोरले, पण नीट पाहिली नव्हती. माझ्या डब्यातले उरलेसुरले धागे घेऊन प्रत्येक भोकावर तू काहीतरी निराळं विणलं होतंस. कुठे चांदणी, कुठे भोपळ्याचं फूल. अवनीच्या पायाने टरकन फाटलं होतं तिथे तर तू कडेकडेने अख्खा वेल फिरवलास. अंगात ताप असतानाच उठले, कागद घेतला आणि संध्याकाळपर्यंत सात नक्ष्या काढल्या. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

जानेवारीच्या प्रदर्शनात त्याच नक्ष्यांची साडी पहिली आली. पाहुण्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ये ख़याल आपको कहाँ से आया?" माझ्या तोंडून निघालं, "अजंता से." ताई, अजिंठा मी फक्त कॅलेंडरवर पाहिलंय! पण महाराष्ट्राची बाई आणि त्यात जयभीमवाली, सगळ्यांना ते शोभून दिसलं. टाळ्या पडल्या. साडीला 'अजंता जाल' अशी चिठ्ठी लागली.

मच्छरदाणीचं नाव घ्यायला माझी जीभ का वळली नाही, ते तुला ठाऊक आहे. मच्छरदाणी म्हटली की तू आलीस, आणि तुला तर मी आधीच नाकारून बसले होते. लिहिते आता, किती लपवू. त्या दिवशी संस्थेच्या सक्सेना मॅडम न सांगता घरी आल्या. तू जमिनीवर बसलेली, पदर खोचलेला, दातांत दोरा. मला लाज वाटली ताई, तुझी. त्यांनी विचारलं, "ये कौन हैं?" मी म्हणाले, "मच्छरदानी ठीक करने आई हैं." तू मान वर केली नाहीस. उलट उठून आम्हाला चहा करून दिलास. त्या गेल्यावर हसत म्हणालीस, "मग, मजुरी काय देशील?" आणि मीही हसले. तू थट्टेवारी नेलंस, असं मी स्वतःला पटवलं. दोन दिवसांनी, घरी कामं पडलीत म्हणून तू निघालीस. चांगली आठवडाभर राहणार होतीस.

काल मनाचा हिय्या करून सक्सेना मॅडमकडे गेले आणि दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. त्या म्हणाल्या, "अरे, वो आपकी बहन थीं?" मग हात धरून मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांच्या पलंगावर मच्छरदाणी होती. कोपऱ्यात भोपळ्याचं फूल.

त्या दिवशी निघताना त्यांनी तुला दारात विचारलं होतं म्हणे, "हमारी भी फटी पड़ी है, कल आ जाओगी?" आणि दुसऱ्या दिवशी, मी संस्थेत असताना, तू गेलीस! माझं खोटं उघडं पडू नये म्हणून परक्या घरात जमिनीवर बसून दुपारभर सुई चालवलीस, आणि मला कळूही दिलं नाहीस.

"पैसे दे रही थी, लिए ही नहीं," मॅडम म्हणाल्या. "बोलीं, नीला दीदी दे देंगी."

दीदी! तू मला दीदी म्हणालीस, ताई. माझ्या वेण्या घालून मला शाळेत सोडणारी तू. मी तिथेच त्यांच्या पलंगाची पट्टी धरून रडले.

साडीवरची चिठ्ठी आज बदलून घेतली. आता तिच्यावर 'नक्षी : यमुनाबाई, पुलगाव' असं लिहिलंय. एवढ्याने माझं केलेलं धुतलं जात नाही, कळतं मला. मच्छरदाणीला परवा पुन्हा एक भोक पडलं. सुई घेऊन बसले, पण जमलं नाही. रोज डास शिरतात, हे चिडतात, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू दिलेला नाही. ये म्हणायला मला तोंड नाही. अवनी विचारते, एवढंच कळवते.

मच्छरदाणी ठीक करायला आलेल्या बाईची
सख्खी धाकटी बहीण,
नीला