वरच्या फळीवरचा थर्मोस्टॅट

अब्बा, आज त्या व्हिलाचा थर्मोस्टॅट पुन्हा बदलायला आला. अल ऐनच्या रस्त्यावरचा, वाळूच्या कडेचा तोच व्हिला. नवा टेक्निशियन एसीचं तापमान लावायचा तो जुना डबा माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाला, भिंतीतल्या एका वायरीवर निळी टेप आहे, तिच्यावर तुमच्या भाषेत काहीतरी लिहिलंय. टेपचा तुकडा त्याने आणलाच होता. बॉलपेनने लिहिलेलं ‘हीटर’ आणि त्यातली तुमची ती लांबलचक वेलांटी. बाकीचे लोक वायरी ओढून मोकळे होतात. तुम्ही मात्र जुना डबा उघडल्यावर आधी प्रत्येक वायरीला टेप लावून नाव घालायचात, मग स्क्रूला हात. मला तेव्हा त्याचीसुद्धा लाज वाटायची.

तुम्हाला आठवत असेल, मला तुमच्याच एसी कंपनीच्या, अल क्वोजमधल्या या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये लागून तीन महिने झाले होते, तेही तुमच्याच शब्दावर. शारजाच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी फाडफाड, नाकावर माशी बसू न देणारी. नोव्हेंबरातली सकाळ, काउंटरवर सेल्सची दोन मुलं चहा पीत उभी आहेत आणि तुम्ही ग्रीसने माखलेल्या कपड्यांत आत येता. हातात चिठ्ठी. तुम्ही सावकाश समजावून सांगता की, हे साधं कूलिंगचं मशीन नाही, हीट पंप आहे. उन्हाळ्यात घर थंड करतो, थंडीत तोच उलटा फिरून गरम करतो, आणि तो कमी पडला किंवा बंद पडला तर विजेचा हीटर मदतीला येतो. त्या हीटरला हुकूम देणारा थर्मोस्टॅट हवा. मी तुमच्यासमोर साधा ठेवते. तुम्ही झाकण उघडून बघता आणि मान हलवता.

“बेटा, हा नाय चालणार. हीटरच्या वायरीला जागाच नाय याच्यात.”

“अब्बा, धिस इज दुबई. इथे हीटर कोण लावतं? हाच घेऊन जा, खलास.”

ती मुलं हसली. तुम्ही एकदा त्यांच्याकडे पाहिलंत, एकदा माझ्याकडे, आणि डबा उचललात. आपल्या लाइनीतल्या लोकांची ही नेहमीची चूक. बाराही महिने कूलिंगचेच कॉल, त्यामुळे हीटरची वायर दिसली की टेप गुंडाळायची आणि भिंतीत ढकलायची. पण तुम्ही ती चूक करणाऱ्यांतले नव्हतात. मी ती तुमच्या हातून करवून घेतली.

जानेवारीत, गुरुवारी सकाळी, त्या व्हिलाच्या हीट पंपाचं बाहेरचं मशीन बंद पडलं. तेव्हा इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, माणूस पोचायला शनिवार उजाडला. योग्य थर्मोस्टॅट असता तर एक बटण सरकवून घर हीटरवर चाललं असतं. त्या घरात मालकाची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. वाळवंटातल्या त्या दोन रात्रींच्या गारठ्यात तिची छाती भरली आणि तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. ती वाचली, घरी आली, पण मालकाने आमच्या कंपनीत येऊन जे सुनावलं ते सगळ्या ऑफिसने ऐकलं.

मॅनेजरने आपल्या दोघांना केबिनमध्ये उभं केलं. “ये थर्मोस्टॅट किसने सिलेक्ट किया?” त्याने विचारलं. मी तोंड उघडायच्या आधीच तुम्ही म्हणालात, “मैंने माँगा था, साहब. लडकी ने जो माँगा वो दिया.” ‘उघडायच्या आधीच’ असं आता लिहितेय खरं, पण मी तोंड उघडणार होते का, हे मलाच माहीत नाही. तुम्ही नोव्हेंबरात काउंटरवर दिलेली चिठ्ठी माझ्या मुठीत होती. तिच्यावर मॉडेलचा नंबर स्वच्छ लिहिलेला, खाली दोन रेघा. मी मूठ उघडली नाही. महिनाभरात तुमची नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल झाला. इथल्या बावीस वर्षांनंतर तुम्ही अम्मीला घेऊन गावी गेलात आणि दुसऱ्याच वर्षी, साधा निरोपही नीट न घेता, हे जग सोडून गेलात. विमानतळावर तुम्ही मला एवढंच सांगितलं होतंत की, वायरीचं नाव वाचल्याशिवाय कुणाला डबा देऊ नकोस. मी तेव्हा घड्याळाकडे बघत होते.

आज मी शिडी घेऊन स्वतः वर चढले. योग्य डबा काढला, झाकण उघडलं, हीटरच्या वायरीची जागा त्या नव्या टेक्निशियनला दाखवली. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला बरीच माहिती आहे. मी शिडी जागेवर नेऊन ठेवली. खरी गोष्ट अशी आहे अब्बा, की त्या दिवशीही असाच एक डबा याच वरच्या फळीवर होता. स्टॉक कार्डावर तो होता आणि मला ते ठाऊक होतं. फक्त त्या दोन मुलांदेखत, ग्रीसने माखलेल्या माझ्या बापासाठी, मला शिडी चढायची नव्हती.

हे पत्र गावी पाठवलं तर अम्मी ते शेजारच्या कुणाकडून तरी वाचून घेईल, म्हणून ते तुमच्या चिठ्ठीबरोबर माझ्या ड्रॉवरमध्येच राहील. आज तिचा फोन आला होता. बोलता बोलता ती नेहमीसारखं म्हणाली, तुझ्या अब्बांनी शेवटी एवढी एक चूक केली नसती तर. मी म्हटलं, हो ना.