सोडतीत निघालेली जागा

मंगळवार, ७ एप्रिल
भिवंडी

अमेरिकेहून लेकीचा, मेघनाचा फोन आला. तिथल्या चार्टर शाळेच्या सोडतीत नातीचं, रेवाचं नाव निघालं. सरकारी पैशावर खासगी संस्थेने चालवलेली, नावाजलेली शाळा. आणि हिने जागा नाकारली!

"वेडी आहेस का गं?"

"आई, रेवा गेली की तिच्या वाटचा पैसाही गल्लीतल्या सरकारी शाळेतून जातो. उरलेल्या पोरांनी काय करायचं?"

मी राहनाळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होते तेव्हा पट भरायला दर जूनला घरोघर फिरायचे. एकीने तोंडावर विचारलं होतं, "बाई, तुमची पोर कुठल्या शाळंत हाय?" मेघना ठाण्याला, इंग्रजी शाळेत होती.

सोडतीत निघालेली जागा सोडली! चुकतही असेल ती. पण एवढी छाती माझी कधी झाली नाही.