हानिम दात वाजवते

३ फेब्रुवारी
समुद्राला उधाण. अलेक्झांड्रियाची ट्राम बंद, प्रयोगशाळेत भिजत पोचलो. तरी नव्या विद्यार्थ्यांना झकास लेक्चर दिलं. ससा हलकेच दात वाजवतो तेव्हा खूश असतो, करकरा दात खातो तेव्हा त्याला दुखत असतं. मुकं जनावर याहून जास्त काय सांगणार? दुखायला लागलं की इंजेक्शन देऊन कायमचं सोडवायचं. एक दिवस लवकर चालेल, एक तास उशीर नाही. पोरं भराभर उतरवून घेत होती. जनावरांचा डॉक्टर असावा तर माझ्यासारखा.
आणि प्राण्यांना नाव द्यायचं नाही. जीव लागतो. हा नियमही माझाच.

५ फेब्रुवारी
माझी जुनी विद्यार्थिनी सफीनाझ सशांवर औषधाचा प्रयोग करतेय, त्यातली एकतीस नंबरची मादी मला पाहून जाळीपाशी येते. मी तिला हानिम म्हणतो. म्हणजे बाईसाहेब. हे नाव नव्हे, मान आहे. नियम मोडलेला नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
सुट्टी. नळ गळतोय का बघायला प्रयोगशाळेत गेलो. गळत नव्हता. जाताना बरसीमच्या हिरव्या चाऱ्याची जुडी घेतली होतीच. हानिमने दोन काड्या खाल्ल्या.
घरी नगवाने ससा घालून मुलूखियाची पालेभाजी केलेली. पोट बिघडलंय म्हणालो. ती म्हणाली, तुमचं पोट मोठं हुशार हो, पातेल्यात काय आहे ते बघून बिघडतं! बायकोला वैद्यकातलं काही कळत नाही.

११ फेब्रुवारी
हानिमने मला पाहून दात वाजवले. खूश आहे. वजन उतरलंय. काटाच जुना आहे.
सफीनाझ म्हणाली, सर, एकतीस नंबर पाठ वाकवून कोपऱ्यात बसते, आता सोडवूया का तिला? हा निर्णय माझा असतो. म्हटलं, ती जरा विचारी स्वभावाची आहे. उद्या बघू.
उद्यापासून तिच्याकडे विनाकारण जायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

१२ फेब्रुवारी
सारखा जात होतो. कारणं होती. बरसीमला तिने तोंड लावलं नाही. हल्ली बरसीमच चांगली मिळत नाही. दात मात्र जोरात वाजवते. माझ्यावर फारच जीव दिसतो.

१३ फेब्रुवारी
आवाज आता दाराबाहेर येतो. सफीनाझने थांबून विचारलं, हे काय वाजतंय? म्हटलं, आनंद. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, हा आवाज मला तुम्हीच ओळखायला शिकवलात ना सर? मग म्हणाली, तुम्हाला जमणार नसेल तर मी देते इंजेक्शन. मी चिडलो. मला जमणार नाही? मला? सांगितलं, उद्या नाश्ता झाला की बघतो. म्हणाली, कुणाचा नाश्ता? ती तर खातच नाही.

१४ फेब्रुवारी
मीच दिलं. बाकीच्या सशांना दिसू नये म्हणून शेजारच्या खोलीत, मांडीवर घरचा टॉवेल घालून. कान तळहातात धरून ऊब दिली, म्हणजे शीर वर येते. ती धडपडली तर धरायला सफीनाझ उभी होती. धरावं लागलं नाही. हानिमने डोकं माझ्या कोपराखाली खुपसलं. दात वाजतच होते. मग थांबले.
खोली शांत झाली तेव्हा कळलं, ते किती मोठ्याने वाजत होते.
सफीनाझ म्हणाली, छान झालं सर, तिला काही कळलंसुद्धा नाही. आजचं खरं आहे. पण त्याआधीचे दिवस? माझ्याच्याने तिला सोडवत नव्हतं, म्हणून मी तिला दुखू दिलं. मला ऐकू येत होतं सगळं.
रात्री नगवाने मसुराचं सूप केलं. विचारलं, आज तरी पोट बरं आहे ना? मी चमचा हातात धरून रडायला लागलो. हानिम गेली म्हणालो. ती घाबरली. कोण हो ही हानिम?
एकतीस नंबर, म्हटलं. आम्ही नावं देत नाही.