तुळशीपर्यंत रेंज

५ ऑगस्ट, मंगळवार

१. दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावायला गेले.
२. हेडसेट गळ्यात होता. ताईशी कॉल चालू होता, बोलणं अर्धवट.
३. माइकची दांडी वर उचलली की माइक बंद होतो आणि दांडीच्या टोकाला तांबडा दिवा लागतो. दांडी खाली होती. दिवा हिरवा.
४. बाबा आले. रोजचं गाराणं घातलं.
५. ताईनं ते बेळगावात बसून ऐकलं.

चूक माझी. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारीनं करू नये अशी.

आत आले, हेडसेट कानावर चढवला. ताई एकदम — "सेजू, बाबा आता काय म्हणाले? ‘घाट चडून गेली’ इतक्याच आयकूंक आयला. कोण गेली घाट चडून?"

मला सांगता येईना! गाराणं रोजचं. बाबा सगळ्या घराच्या वतीनं देवाशी बोलतात आणि शेवटी मी "व्हय म्हाराजा" म्हणते. लहानपणापासून म्हणतेय. ऐकत नसते.

६ ऑगस्ट

आज ऐकलं.

"बा देवा म्हाराजा, लेकरांनी जी काय भोळी-भाबडी सेवा केली ती मानून घे. दुकानार बरकत दी. एक घरांत आसा, एक घाट चडून गेली. दोगांयची राखण कर रे म्हाराजा!"

दोगांयची. नाव घेतलं नाही, पण दोगांयची.

हे रोज म्हणत होते की कालपासून? आईला विचारलं. आई भाकरी उलटत म्हणाली, "गेलीं दोन वर्सां म्हणतत. तुझे कान खंय आसतत?"

७ ऑगस्ट

हेडसेटची हकीकत लिहून ठेवते, म्हणजे साईशला उत्तर देताना गोंधळ नको. साईश डिचोलीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. गेमचं वेड. नवा हेडसेट घेतला आणि जुना माझ्यासमोर ठेवला — "गेम सोडून बाकी सगळ्याक कसो चलता ता म्हयनोभर बघ. तू फुकट तोंडभर बरां म्हणचंय ना, म्हणून तुका."

बिनवायरचा. लॅपटॉपला बोटाच्या पेराएवढं यंत्र लावायचं, मग घरभर हिंडत बोलायचं. आतापर्यंतच्या नोंदी: ऑफिसच्या मीटिंगला उत्तम. चष्म्याची काडी कानशिलावर दाबली जाते. कान घामतात. कानातली काढून ठेवावी लागतात. भांडी घासताना हात मोकळे — हा खरा फायदा.

आणि ताई. ती प्रयोगशाळेतून घरी येते तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. फोन कानाला लावून पाच मिनिटं व्हायची, आता तासभर होतं. तिचं म्हणणं, "बोलूं नाका. नुसती घरांत चल. माका आयकूंदी."

दोन वर्षं ती घरी आलेली नाही. कारण एक फूल! ताईला नितीनचं स्थळ आलं — तो चंदगडचा, हायवेच्या कामावर सुपरवायझर होता — तेव्हा देवीला प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला ओली फुलं चिकटवून कौल मागितला. उजवीकडचं फूल पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नको. डावीकडचं पडलं. बाबांनी हात जोडले. आणि ताई भर देवळात म्हणाली, "पंख्याच्या वाऱ्यान पडला ता!" भटजींना उकडतं म्हणून गाभाऱ्याच्या दाराशी उभा पंखा असतो. चालू होता, हेही खरं.

लग्न बेळगावात झालं. बाबा गेले नाहीत. ताईचं नाव घरात घेतलं जात नाही. चवथ आली, गणपती आले की दोघांचं एकच. ती म्हणते, बाबांनी बोलावल्याशिवाय येणार नाही. बाबा म्हणतात, येणाऱ्याला कोणी अडवलंय?

चवथ यंदा २७ ला.

८ ऑगस्ट

ताईची तक्रार — "तुझोच आवाज येता. घर खंय गेला?"

तपासलं. गोंगाट दाबण्याची सोय चालू होती. माझ्या तोंडाजवळचं तेवढं ठेवायचं, बाकी पुसायचं, असं ते काम करतं. पाववाल्या पोदेराचा भोंपू, मिक्सर, कोंबड्या, आईची बडबड, बाबांचं खोकणं — सगळं पुसलं जात होतं. बंद केली. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, ताईच्या कानात सगळा एकदम गेला असणार.

"हां!" ती म्हणाली. "आता घरांत आयलंय."

साईशसाठी नोंद: गेम खेळणाऱ्याला ती सोय लागेल. ताईला नाही.

९ ऑगस्ट

बाबांनी विचारलं, "ह्यो दिवो कसलो गो?"

सांगितलं. तांबडा म्हणजे बंद. हिरवा म्हणजे पलीकडच्याला ऐकू जातं.

"हूं."

एवढंच. दुकानात विकायला ठेवावा का, असं मनात असेल.

१० ऑगस्ट, रविवार

श्रावणातला आयतार. आई पातोळ्या करत होती. हात पिठात, म्हणून मीच तिच्या डोक्यावर हेडसेट चढवला — केसांतली अबोलीची फाती जरा चेंगरली, त्यावरून आधी बोलणी खाल्ली. मग ती ताईशी बोलायला लागली. बोलायला कसली, ओरडायला! कान पूर्ण झाकलेले, स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही.

"बापायक सांगूंक ना हां मी! रोज तुझ्याकडेन बोलतंय ता! तो हय सोप्यार बसला! तेका काय एक खबर ना!"

बाहेर सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बाबा पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज मला आला.

आपला आवाज आपल्याच कानात सोडायची एक सोय असते. ती लावल्यावर आई दचकली — "अगे बाय, मी इतकी मोट्यान बोलतंय?" हेडसेट परत माझ्या कानावर घेतला तर ताई तिकडे हसून हसून लोळत होती.

मग ताईनं विचारलं, हळदीची पानं कुठली, आपल्या परड्यातली का? हो म्हटलं. "वास तेवडो येना," ती म्हणाली.

येत नाही. नोंद केली.

१२ ऑगस्ट

ताईला गाराणं पुरतं ऐकायचं आहे. शेवट तुटतो. आज नीट तपासलं. लॅपटॉप सोप्याला लागून असलेल्या खोलीत, भिंत चिऱ्याची. चिरा सिग्नल खातो. अंगणाकडच्या खिडकीचं जनेल उघडं असलं की तुळशीपर्यंत स्वच्छ जातं, बंद असलं की तुळशीच्या अलीकडेच मरतं. आणि बाबा तिन्हीसांजेला डासांसाठी जनेल लावून घेतात. ही वर्षानुवर्षांची सवय.

सोप्यावर उभी राहून ताईला हेच सांगत होते. बाबा शेजारी छत्रीची काडी सरळ करत बसले होते. माझ्या लक्षात उशिरा आलं. पण मी फक्त रेंजबद्दल बोलत होते. नाव घेतलं नव्हतं.

चोरून ऐकवणं मला पटत नाही. बाबांना सांगायला हवं. पण सांगितलं आणि त्यांनी गाराणंच मनात घालायला सुरुवात केली तर? ताईकडे तेवढंच आहे.

१३ ऑगस्ट

जनेल उघडं होतं. डास कमी झाले असावेत.

१४ ऑगस्ट

वीज गेली. मी दिवा घेऊन निघाले तर बाबा म्हणाले, "रांव वायच. लायट येवंदी."

गाराण्याला लाईट कशाला?

१५ ऑगस्ट

सुट्टी. ताईला आज शब्द न शब्द पोचला. बाबा छत्री धरून उभे होते. छत्रीवरच्या पावसाचा आवाज फार, म्हणून की काय, मोठ्यानं बोलले.

गाराणं लांबत चाललंय. पूर्वी माझी काडी विझायच्या आत संपायचं. आज देवाला कळवलेल्या गोष्टी: दुकानाची फुटकी कौलं बदलली. बाबुरावांची म्हैस व्याली, रेडी झाली. परड्यातल्या तोरिंगाला यंदा फळं चांगली धरलीत, गणपतीवर टांगायच्या माटोळीला पुरतील. आईचा गुडघा दुखतो, पण ती कोणाला सांगत नाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. देवाला बाबुरावांच्या म्हशीचं काय करायचंय?

ताईला विचारलं, कसं ऐकू आलं? म्हणाली, "ती म्हस माका वळखता. कॉलेजांत आसताना माका शिंग मारल्यान तिणें."

१७ ऑगस्ट, रविवार

बाबांबरोबर देवळात. दुकानाच्या मागची खोली चवथीआधी बांधायला काढावी की नंतर, यासाठी प्रसाद लावायचा होता. भटजी फुलं ओली करत होते. बाबा उठले, दाराशी गेले आणि पंख्याचं बटण बंद केलं. परत येऊन बसले.

भटजींनी पंच्याच्या टोकानं घाम पुसला. "दोन वर्सां जालीं गो बाय, गुरुदासबाब पंखो बंद केल्याबगर प्रसाद लायना. माका मारतलो उकाड्यान!"

बाबा समोर देवीकडे बघत राहिले. म्हणाले, "भटानु, तुमी फुलां बघा."

फूल उजवीकडचं पडलं. खोली आत्ताच काढायची. मला ते फूल पडताना दिसलं नाही, मी बाबांकडे बघत होते.

संध्याकाळी ताईला सांगितलं. तिकडून काही आलं नाही. कनेक्शन तपासलं, ठीक. बॅटरी तपासली, ठीक. मग नाक ओढल्याचा आवाज आला. माइक चांगला आहे. बारीक आवाजसुद्धा पकडतो.

१९ ऑगस्ट

आज आईनं विषय काढला. उघड, जेवताना. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"चवथीक तेंकां फोन करा."

"करतली तर तू कर."

"मी केल्लो. ती म्हणता बाबांनी म्हणूंक जाय."

बाबांनी भातात सोलकढी ओतली. कालवत राहिले. आम्हाला वाटलं संपलं. मग म्हणाले, "माझ्या तोंडांतल्यान येयना गो. फोन हातांत घेतंय. नंबर दिसता. येयना."

आई उठली आणि त्यांना माशाची आणखी एक तुकडी — नाही, श्रावण! — वालीच्या भाजीचा आणखी एक डाव वाढला. त्यांनी नको म्हटलं नाही. त्यांना वालीची भाजी आवडत नाही.

गेल्या चवथीला माटोळी त्यांनी एकट्यानं बांधली होती. कांगलांची फळं एका बाजूला, घागऱ्यांची एका बाजूला, सगळी चौकट कलंडलेली. मी आकडेमोड करून वजन सारखं करून देते म्हटलं, तर म्हणाले, "हिशोबान बांदूंक जायना ती. दोगांनी दोन कुशींनी धरूंक जाय." दुसरी कूस ताईची असायची. ती चौथीत असल्यापासून.

मी शिडी धरते. मला गाठी येत नाहीत.

२० ऑगस्ट

ताईला कालचं सगळं सांगितलं. बाबा काय म्हणाले, जसंच्या तसं. नितीन बाजूलाच होता. मागून त्याचा आवाज आला — "अगं जाऊया की! मी येऊन पाया पडतो त्यांच्या, मला काय लाज?"

ताई म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." मग मला — "सेजू, ते देवाला सांगतात. रोज सांगतात. मी आयकतंय, माका बरां दिसता. पण ता देवाक सांगलेलां. माका एकदां तरी म्हणूंदी. येवंक सांगूं नाका, नांव तरी घेवंदी. तितक्यान मी येयन."

दोघेही बरोबर. हीच अडचण आहे. चाचणीत असं कधी होत नाही, एक बाजू चुकलेली असतेच.

साईशनं आज ऑफिसात विचारलं, "रिपोर्ट खंय?" म्हटलं, दोन ओळींत सांगते: कान घामतात, चष्मा दुखतो, वास येत नाही. बाकी ठेवून घेतेय.

"ठेवून घेतंस? तू? गेम खेळपाक लागलंस काय गो!"

उद्या बाबांना सांगायचं. माइक चालू असतो आणि ताई ऐकते. सकाळी दुकानात जायच्या आधी. ठरलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी बाबा लवकर निघून गेले. सांगायचं राहिलं.

संध्याकाळी दिवा घेऊन गेले. जनेल उघडं होतं. बाबा आले, चपला काढल्या, माझ्या गळ्यातल्या हेडसेटकडे बघून म्हणाले, "दिवो हिरवो आसा मगो?"

मी मान हलवली.

मग गाराणं घातलं. आठवतंय तोवर जसंच्या तसं लिहिते:

"बा देवा म्हाराजा. चवथ बुधवारा. माटोळी बांदूंक माझे एकट्याचे हात पुरनत. माझ्या प्रियान आनी नितीनान मंगळारा सांजे घरा येवंचा. येतलीं काय ना, ता माका आयतारापर्यंत कळूंक जाय रे म्हाराजा."