डावीकडचा ब्रेक

प्रिय ठमे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दामच तुझ्या आईच्या हातात दिला, कारण तुझ्याशी बोलायला मला तोंड नव्हतं. पण तुझी अट पोचली. ही जुनी गाडी दारात असेपर्यंत छोटीला सुट्टीत आजोळी पाठवायची नाही. वर नवी गाडी तूच घेऊन देतेस म्हणतेस. गाडीचं काय करायचं ते आता ठरलंय, पण ते मला फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. पान उलटून आधी शेवट वाचू नकोस, तुझी लहानपणापासूनची खोड आहे ती.

या गाडीवर मी निम्म्या गावाला चालवायला शिकवलं, तुलाही. रिव्हर्स घेताना डोळे गच्च मिटून घ्यायचीस, विसरलीस का? सहा वर्षांपूर्वी क्लास बंद केला, टपावरची पाटी उतरवली, पण शिकवणाऱ्याच्या बाजूचे क्लच आणि ब्रेक काढायला मन होईना. असू देत म्हटलं, काही खायला तर मागत नाहीत. उलट हौसेनं दोन्हीकडच्या सगळ्या पेडलांना नवी कोरी रबरं बसवली.

वर्षभर हिचं एकच दुखणं. चांगली चालता चालता एकदम आचका द्यायची आणि भर रस्त्यात बंद पडायची. आपला भिंत्या आठवतो ना, पहिल्याच दिवशी शाळेच्या भिंतीवर गाडी घातली होती तो? आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्यानं प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, वायरिंग उचकटून पुन्हा केलं. आणि गंमत बघ, त्याच्या हातात ही बया एकदाही बंद पडली नाही. दोन दिवस घरी नेऊन फिरवली, तरी नाही. शेवटी बिचारा म्हणाला, सर, आता एक तर इंजिन उतरवू, नाहीतर विकून टाका. तू म्हणालीस विका. तुझ्या आईनं मात्र एकच हेका धरला, दुरुस्तच करायची, दुसरी गाडी नको म्हणजे नको.

तिचं वागणंही वर्षभर विचित्रच होतं. मी केस कापायला निघालो तरी ही आपली पर्स घेऊन पुढच्या सीटवर हजर. बसली की चपला काढायची, पर्स मांडीवर घ्यायची. मला वाटायचं, पाय दुखत असतील. म्हातारपणी प्रेमाला पालवी फुटली म्हणून मी तिला चिडवायचो. ती बसली की गाडी हमखास बंद पडते हे लक्षात आल्यावर तर मी तिला पांढऱ्या पायाची म्हणालो, तेही भिंत्यासमोर. ती नुसती हसली. आता ते आठवलं की स्वतःची जीभ हासडावीशी वाटते.

गेल्या रविवारी, विकायची तर निदान स्वच्छ तरी करू, म्हणून मी खालचे मॅट काढायला वाकलो. डावीकडच्या क्लचचं रबर अगदी नवं होतं, सहा वर्षांपूर्वी बसवलं तसंच. शेजारच्या ब्रेकचं मात्र झिजून गुळगुळीत झालेलं. अगं, तीस वर्षं मी पोरांना ओरडत आलो की क्लच न दाबता नुसता ब्रेक मारलात तर गाडी आचका देऊन बंद पडणार. आणि माझ्याच शेजारी वर्षभर तेच चाललं होतं, मला कळलं नाही! मी तिथेच फरशीवर बसकण मारली.

आत गेलो. ती मटार सोलत होती. मी फक्त रबर झिजलंय म्हणालो. ती सोलायची थांबली नाही. म्हणाली, तुम्हाला डावीकडून येणारं माणूस दिसत नाही हो. पहिल्यांदा एक म्हातारबाबा होते, मग दुधाची गाडी, मग कोण कोण. जगाला शिकवलंत तुम्ही, तुम्हाला मी कोणत्या तोंडानं सांगू? पाय आपोआप जायचा म्हणे, आणि गाडी बंद पडली की तुम्ही गाडीला शिव्या द्यायचात, तेच बरं वाटायचं. क्लच काय असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. सगळं गाव माझ्याकडे शिकलं, बायकोला शिकवायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, रिक्षानं. काचबिंदू आहे. कडेची नजर गेली ती आता परत यायची नाही, उरलेली औषधानं टिकेल म्हणतात. समोरचं छान दिसतं, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. घरी येऊन किल्ली तिच्या हातात दिली. रडलो, खोटं कशाला सांगू. आता भिंत्या रोज सकाळी तिला शिकवतो आणि मी मागच्या सीटवर तोंड मिटून बसतो. इंजिन उतरवायचं नाही, गाडी विकायचीही नाही. तिला काही झालेलंच नाही.

आता शेवटचं. गेल्या सुट्टीत मी तुला हसत हसत सांगितलं होतं की गाडी मध्येच बंद पडली म्हणून बरं, नाहीतर छोटी मागे बसलेली असताना आम्ही त्या सायकलवाल्या मुलीवर गेलो असतो. नशीब म्हटलं होतं मी त्याला. ते नशीब नव्हतं ठमे, तुझ्या आईचा पाय होता. मला ती मुलगी दिसलीच नव्हती. आणि परवा फोनवर तू तिला म्हणालीस, नातीच्या जिवापेक्षा तुला ते भंगार मोठं झालं का? मी शेजारीच होतो, मला ऐकू आलं. तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, पोरगी दमलीय. मला पाठीशी घालून ती गप्प बसली, आणि मी बसू दिलं. म्हणून हे पत्र. छोटीला पाठव. तिला आणायला स्टेशनवर गाडी येईल, पण चालवणारा मी नसेन, हा माझा शब्द. आणि आईला फोन कर. माफीबिफी मागू नकोस, ती अवघडेल. फक्त विचार, आज गाडी किती वेळा बंद पाडलीस?

तुझाच, मागच्या सीटवरचा
बाबा