ढब्बूचा डावा हात

प्रिय ताई,

फोनच करणार होतो, पण तुला केलेला फोन दोन मिनिटांत भावजींच्या हातात जातो आणि मग मी नुसता हं हं करत बसतो. म्हणून हे कागदावर. आपला जुना रॉक बँड एका संध्याकाळपुरता पुन्हा उभा राहतोय. गाणार तू, गिटार भावजींची, बास माझा, आणि ड्रम्सवर ढब्बूऐवजी स्टुडिओतला कुणी तरबेज ड्रमर. पक्षाघातानंतर ढब्बूचा डावा हात चालत नाही, तेव्हा त्याला पहिल्या रांगेत बसवून स्टेजवरून त्याच्यासाठी टाळ्या मागायच्या, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. आणि हे त्याला सांगायचं काम माझ्यावर टाकलंस, कारण आमचं पहिल्यापासून गूळपीठ. नको असलेली कामं धाकट्याच्या गळ्यात मारायची तुझी सवय काही आजची नाही, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

माझं हॉटेलातलं काम चालू आहे. दुपारच्या चहाच्या वेळी लॉबीत पियानोवाला, सॅक्सोफोनवाला आणि मी जॅझ वाजवतो. ड्रम्समुळे पाहुण्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही असं मॅनेजरचं मत, म्हणून ड्रमर ठेवलेला नाही. आमचं ऐकत कुणीच नाही. सुरुवातीला याचा राग यायचा, आता बरं वाटतं. पहिल्याच आठवड्यात मी शोभा करून घेतली होती, ते तुला सांगायचं राहिलं. सॅक्सोफोनवाल्याचं चाल सोडून मनासारखं वाजवून झाल्यावर पियानोवाल्याने माझ्याकडे बघत स्वतःच्या टाळूवर दोनदा हात ठेवला. मला वाटलं माझे केस उभे राहिलेत. मी वाजवता वाजवता ते नीट बसवले, मान हलवून त्याचे आभारही मानले. ती खूण मूळ चालीवर परतायची होती. ते दोघं परतले आणि मी एकटाच पुढे निघून गेलो, टापटीप केसांनी. पियानोवाला अजून ही गोष्ट नव्या वेटरांना सांगतो.

जॅझवाले रॉकला नाकं मुरडतात आणि भावजींसारखे रॉकवाले जॅझला लिफ्टमधलं संगीत म्हणतात. दोन्हीकडे पोट भरल्यावर मला त्या भांडणात रस उरलेला नाही. एक फरक मात्र बोटांना कळला. रॉकमध्ये मी कधी लय सांभाळलीच नाही. ढब्बूच्या उजव्या पायाकडे बघायचो, त्याचा पाय खाली गेला की माझं बोट तारेवर. लयीची काळजी सगळी त्याची, मी निवांत. हॉटेलात बघायला पायच नव्हता. कित्येक महिने मी आधी घाईत आणि मग घाबरून मागे, असा वाजवत होतो. पियानोवाल्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या भुवया सगळं बोलायच्या. हळूहळू लय माझ्या अंगात उतरली. आता मधेच कुणी थांबलं तरी मी ती चालू ठेवू शकतो. एवढंच मी जॅझमध्ये शिकलो, बाकीचं अजून येत नाही.

तर मी ढब्बूकडे गेलो आणि तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. तो रागावला नाही. बरोबर आहे म्हणाला, चहा मागवला, तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली. वहिनी मात्र आत जाऊन बसल्या. मला तेव्हा तुमचा दोघांचा राग आला, आणि निरोप्या झालो म्हणून स्वतःचाही. निघताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, एकदा वाजवून बघायचं का, बास आणलायसच गाडीत. मागच्या खोलीत त्याचे ड्रम्स चादरीखाली होते. पायाला काही झालेलं नाही, तो पूर्वीसारखाच पडतो. उजवा हात आधी झांजेवर आणि मग डाव्याचं काम करायला मधल्या ड्रमवर, अशी त्याची पळापळ चालली होती आणि लय तुटत होती. मग मी त्याला झांज सोडून द्यायला सांगितली. तिची ती सारखी चाललेली बारीक टिकटिक मी बासवर धरली, हॉटेलात धरतो तशी. गाणी जरा सावकाश घेतली. तिसऱ्या गाण्याला तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "होईल तेवढं मी वाजवीन. राहील ते तू बघ." मी आता रोज सकाळी तिथे जातो. त्याचा पाय आणि माझं बोट पुन्हा एका ठिकाणी पडतात, आणि इतका आनंद मला बरीच वर्षं झाला नव्हता.

भावजी म्हणतील, लोक संगीत ऐकायला येतात, दया दाखवायला नाही. त्यांना एक आठवण करून दे. तुझा वरचा सूर आता लागत नाही म्हणून आपण या वेळी सगळी गाणी दोन सूर खाली आणली. माझी बोटं नव्याने बसवावी लागली, भावजींना अख्खी गिटार नव्याने लावावी लागली. कुणी कुरकुर केली नाही, आणि तुला पहिल्या रांगेत बसवून दुसरी गायिका आणू, असं कुणाच्या मनातही आलं नाही. तुझ्यासाठी पट्टी उतरवली, तशी ढब्बूसाठी लय थोडी उतरवा. तो वाजवणार असेल तर मी आहे. नसेल, तर तुम्हाला माझ्याही जागी कुणी शोधावं लागेल, आणि माझ्यासाठी एक खुर्ची ठेवा, त्याच्या शेजारची.

तुझाच, तरीही तुझाच,
धाकटा