आजी तुझ्याशी बोलत होती

होबार्ट,
१४ जून

प्रिय कोरिन,

कशी आहेस? इथे ऐन हिवाळा, डोंगरावर बर्फ पडलाय. पर्थला एवढी थंडी नसेल. मुलं मजेत ना?

माझी कादंबरी आली. शाळकरी पोरांसाठी लिहिलेली थरारकथा. एक मुलगी दुसरीच्या नावाने परक्या घरात राहते. परवा एका शाळेत कुणीतरी विचारलं, "हे सुचलं कुठून?" मी म्हटलं, वर्तमानपत्रातल्या बातमीवरून. सगळ्यांना हेच सांगते. घरी येऊन एकटीपुरतं सूप गरम केलं आणि न पिताच ओतून दिलं.

तुला तरी खरं सांगायला हवं.

सतराव्या वर्षी सावत्र बापाच्या माराला कंटाळून मी घर सोडलं, तेव्हा तू, माझी एकुलती मैत्रीण, पर्थला निघून गेली होतीस. स्टॅन्ली गावातलं तुझ्या आजीचं घर तेवढं तुझ्या तोंडून ऐकलेलं. एक रात्र राहू द्या म्हणायचं, एवढंच ठरवून दार वाजवलं. मोतीबिंदूमुळे आजीला नुसती आकृती दिसायची.

"कोरिन? आलीस का गं पोरी?"

मी "हो" म्हटलं.

अख्खा हिवाळा मी तू होते. तुझ्या खोलीत झोपायचे, तुझ्या आईचा स्वेटर घालायचे. तुला ओळखणारा किराणावाला समोरून आला की मी वाट बदलायचे. पुस्तकातली भीती तिथली आहे. एक मात्र त्यात लिहिलं नाही: सगळी माया तुझ्या नावाने यायची. माझ्या नावाने मला हाक मारणारं कुणीच नव्हतं.

एका सकाळी बटाटे सोलता सोलता आजी थांबली. "तुझ्या आईला पुरलं त्या दिवशी मी तुला बोलले, तुला आणायला निघाली म्हणून गाडी उलटली, तुझ्यामुळे गेली... बारा वर्षांची होतीस गं तू. तुझा काही दोष नव्हता. मला कुणावर तरी राग काढायचा होता. माफ कर मला."

तिने चाचपत माझा हात धरला आणि वाट बघत राहिली.

"केलं, आजी," मी म्हटलं.

चार दिवसांनी मी न सांगता पळाले. वसंतात ती गेली. मग तू फोनवर म्हणालीस, "म्हातारीने मरेपर्यंत मलाच दोष दिला." मी गप्प बसले. बोलले असते तर माझं बिंग फुटलं असतं. त्याला तेवीस वर्षं झाली.

पुस्तकात शेवटी, जिचं नाव घेतलं ती मैत्रीण त्या मुलीला मिठी मारते. ते मनाने रचलंय. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. आजीचं बोलणं तुझ्यापर्यंत पोचलं म्हणजे झालं.

तुला न विचारता तुझ्या वतीने माफ करून बसलेली,
टॅम्सिन